अर्धवट जाळण्याची विद्या

जुनी पेटी उघडली की लुगड्यांच्या घड्यांतून एक उग्र वास येतो. त्या घड्यांत ठेवलेल्या पांढऱ्या गोळ्यांना आपण डांबराच्या गोळ्या म्हणतो. रसायनशास्त्रात त्यांचे नाव नॅप्थॅलीन. डांबराशी त्यांचे नाते खरेच आहे. दगडी कोळसा बंद भट्टीत तापविला असता जे डांबर गळते, त्यातूनच नॅप्थॅलीन वेगळे काढतात. आता त्याच घराच्या दाराकडे पाहा. दारावर हिरवा नाही तर निळा तैलरंग दिलेला असतो. त्या रंगाचा आणि पेटीतल्या गोळीचा काही संबंध असेल असे कोणाच्या मनातही येणार नाही. परंतु संबंध आहे. नॅप्थॅलीन योग्य तितकेच जाळले तर त्यापासून पांढऱ्या, सुईसारख्या स्फटिकांचे एक द्रव्य मिळते. त्याला थॅलिक ॲनहायड्राइड म्हणतात. ग्लिसरीन आणि जवसाचे किंवा सोयाबीनचे तेल यांच्याबरोबर ते शिजविले म्हणजे राळेसारखा एक दाट पदार्थ तयार होतो, आणि बाजारात मिळणाऱ्या बहुतेक तैलरंगांचा पाया तोच असतो. आपल्या शिवारातले जवस आणि कोळशाचे डांबर अशा रीतीने एकाच दारावर येऊन भेटतात.

‘योग्य तितकेच जाळले तर’ असे वर म्हटले आहे. या लेखाचा सारा विषय त्या चार शब्दांत सामावलेला आहे.

जाळणे सोपे, हे आपण सर्वच जाणतो. रॉकेल, पेट्रोल, स्वयंपाकाचा गॅस, नॅप्थॅलीन हे सारे कार्बन आणि हायड्रोजन या दोनच मूलद्रव्यांचे बनलेले पदार्थ होत. म्हणून त्यांना हायड्रोकार्बन हे नाव आहे. त्यांना पुरेशी हवा व ठिणगी मिळाली की कार्बनाचा कार्बन डायऑक्साइड होतो, हायड्रोजनाचे पाणी होते आणि उष्णता बाहेर पडते. हवा अपुरी पडली तर काजळी धरते. काजळी हेही अर्धवट जळणेच, पण ते हवेच्या टंचाईमुळे घडलेले आहे. आपल्याला जे हवे आहे ते निराळे आहे. भोवती हवा भरपूर असावी, उष्णताही भरपूर असावी, आणि तरीही पदार्थाने एका ठरावीक पायरीपर्यंतच जळून थांबावे, हे साधायचे आहे.

ही गोष्ट किती अवघड आहे हे गुऱ्हाळावर उभे राहिलेल्या मुलाला चटकन पटेल. भालकी-हुमनाबादच्या बाजूला उसाच्या दिवसांत गुऱ्हाळ पाहिले नाही असा विद्यार्थी विरळाच. काहिलीतला रस उकळून आटत जातो, त्याची काकवी होते, मग गूळ होण्याजोगा पाक होतो. गुळव्या त्याचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी चाचपतो आणि नेमक्या क्षणी काहील उतरवा असे सांगतो. क्षण चुकला तर पाक करपतो. येथे तर पदार्थ रसासारखा डोळ्यांसमोर उकळत नसतो. तो वायुरूपात साडेतीनशे-चारशे अंश सेल्सिअस उष्णतेत फार तर काही सेकंद असतो, आणि तेवढ्यात त्याला उतरवायचे असते. शिवाय अर्धवट जळलेला पदार्थ पुढे जळण्यास पहिल्याहून बऱ्याचदा अधिक उत्सुक असतो. जिन्यावरून घरंगळणाऱ्या चेंडूला मधल्या पायरीवर अडविण्यासारखेच हे काम आहे.

मग गुळव्याचे काम तेथे कोण करतो? ते काम एक घन पदार्थ करतो. धातूंच्या गंजासारख्या संयुगांचा, म्हणजे ऑक्साइडांचा, तो भुगा असतो. हवेतला प्राणवायू आणि हायड्रोकार्बनाची वाफ त्याच्यावरून गेली की हवे ते रासायनिक परिवर्तन घडते आणि भुगा स्वतः, निदान वरवर पाहता, होता तसाच राहतो. अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात.

उत्प्रेरणाचा इतिहास अशाच एका ज्वलनापासून सुरू होतो. सर हंफ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने खाणीतील कामगारांसाठी सुरक्षित दिवा तयार केला हे आपण वाचलेले असते. त्या दिव्याच्या प्रयोगांच्या ओघात १८१७ मध्ये त्याला एक विलक्षण गोष्ट दिसली. कोळशाचा वायू आणि हवा यांच्या मिश्रणात तापलेली प्लॅटिनमची तार धरली असता ज्वाला नसतानाही तार लालबुंद होऊन तशीच धगधगत राहिली. वायू जळत होता, पण ज्योतीने नव्हे, तारेच्या पृष्ठभागावर. ‘कॅटॅलिसिस’ हे नाव पुढे १८३५ मध्ये बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने दिले. आपण त्याला उत्प्रेरण म्हणतो.

डेव्हीची तार मात्र सारे पूर्णपणे जाळून टाकीत होती. अर्धवट जाळण्याची विद्या हाती येण्यास आणखी ऐंशी वर्षे लागली, आणि ती आली त्याची किंमत आपल्या देशाने मोजली. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर आहे. या विषयात त्याचा शिरकाव झाला तो इतिहासाच्या दाराने. इतिहासाच्या तासाला चंपारणचा सत्याग्रह शिकविताना निळीचे मळे, मळेवाले आणि त्यांच्या सक्तीखाली नीळ पेरणारा शेतकरी यांचे वर्णन येते. परंतु १९१७ मध्ये गांधीजी चंपारणला गेले तेव्हा निळीच्या धंद्याचा कणा अगोदरच मोडलेला होता. तो मोडला जर्मनीतल्या एका कारखान्यात.

बाडिश ॲनिलिन म्हणजे आजची बी.ए.एस.एफ. ही कंपनी कृत्रिम नीळ करण्याच्या मागे वर्षानुवर्षे लागली होती. नॅप्थॅलीनपासून थॅलिक ॲनहायड्राइड आणि त्यापासून पुढे नीळ असा मार्ग तिला सापडला होता. पण पहिलीच पायरी महाग पडत होती. १८९६ च्या सुमारास तेथील सापर नावाचा रसायनज्ञ नॅप्थॅलीन तीव्र गंधकाम्लात तापवीत असता भांड्यातला उष्णतामापक फुटला आणि त्यातील पारा आम्लात सांडला, अशी हकिगत सांगितली जाते. ती अक्षरशः खरी असो वा नसो, पाऱ्याचे गंधकाम्लाशी झालेले संयुग ही क्रिया झपाट्याने घडवून आणते, हे कंपनीच्या ध्यानात आले हे निश्चित. १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. त्या वर्षी जगात सुमारे १९,००० टन नीळ वनस्पतींपासून निघत होती आणि तिचा फार मोठा भाग हिंदुस्थानातून जात होता. १९१४ पर्यंत वनस्पतिज निळीचे उत्पादन सुमारे १,००० टनांवर आले. आपला तोटा भरून काढण्यासाठी चंपारणच्या मळेवाल्यांनी कुळांवर वाढीव खंड आणि नीळमुक्तीचे दंड लादले, आणि त्यातूनच तो तंटा पेटला. राजकीय इतिहासाच्या पुस्तकात पाऱ्याच्या त्या थेंबाचा उल्लेख नसतो. माझ्या मते तो असावयास हवा.

पहिल्या महायुद्धात जर्मन माल येणे थांबले तेव्हा अमेरिकेला थॅलिक ॲनहायड्राइड स्वतः करणे भाग पडले. तेथे गिब्ज आणि कोनोव्हर या दोघांनी गंधकाम्ल व पारा दोन्ही बाजूस सारून एक सोपी रीत काढली. नॅप्थॅलीनची वाफ हवेत मिसळून त्यांनी ती तापलेल्या व्हॅनेडियम ऑक्साइडवरून सोडली. जर्मनीत वोल यानेही त्याच सुमारास, स्वतंत्रपणे, हेच केले. महागडे आम्ल गेले. त्याच्या जागी हवा आली, आणि हवेला दाम पडत नाही. आजचे कारखाने याच मार्गाने चालतात. फरक एवढाच, की पुढे नॅप्थॅलीनच्या जागी बहुतेक ठिकाणी खनिज तेलापासून मिळणारा ऑर्थोझायलीन हा द्रव वापरण्यात येऊ लागला.

तो का, हे साध्या अंकगणिताने समजते. नॅप्थॅलीनच्या एका रेणूत कार्बनाचे दहा अणू असतात आणि थॅलिक ॲनहायड्राइडमध्ये आठ. म्हणजे दोन अणू जाळूनच टाकावे लागतात. ऑर्थोझायलीनमध्ये मुळातच आठ अणू आहेत. सहा अणूंचे एक कडे, आणि त्या कड्याला शेजारी शेजारी लटकलेले दोन अणू. कडे तसेच ठेवून केवळ त्या दोन लटकत्या अणूंना प्राणवायू जोडावयाचा. ऑर्थोझायलीनचा रेणुभार १०६ आणि तयार मालाचा १४८. म्हणजे एकही रेणू वाया गेला नाही, तर १०० किलो ऑर्थोझायलीनपासून जवळजवळ १४० किलो माल मिळावा. वजन वाढलेले पाहून गोंधळून जाऊ नये. वरचे वजन हवेतून आलेल्या प्राणवायूचे आहे. प्रत्यक्षात उत्तम कारखान्यातही ११० ते ११५ किलोच्या आसपास माल हाती येतो. उरलेल्यातला बराचसा करपतो, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड व कार्बन डायऑक्साइड होऊन जातो. गेल्या शंभर वर्षांचे या विद्येतले संशोधन पुष्कळसे या पंचवीस-तीस किलोंच्या पाठीमागे लागलेले आहे.

हे कारखाने आपल्यापासून फार दूर आहेत असे नाही. कलबुर्गीहून मद्रासकडे जाणाऱ्या गाडीत बसले की वाडी, यादगीर ही स्थानके मागे पडतात, कृष्णेचा पूल लागतो आणि पलीकडे रायचूर येते. या रायचूरजवळ मैसूर पेट्रोकेमिकल्स या कंपनीचा कारखाना थॅलिक ॲनहायड्राइड तयार करीत असे. त्याच लोहमार्गाने उलट दिशेला मुंबईकडे गेले तर पनवेलजवळच्या तळोजे औद्योगिक वसाहतीत आय. जी. पेट्रोकेमिकल्सचा मोठा कारखाना आहे. तेथे हेच द्रव्य ऑर्थोझायलीनपासून करतात.

अशा कारखान्याचे हृदय म्हणजे एक प्रचंड उभे पिंप. त्यात सुमारे इंचभर व्यासाच्या आणि तीन मीटरांच्या आसपास उंचीच्या हजारो नळ्या दाटीने उभ्या केलेल्या असतात. मोठ्या पिंपात त्यांची संख्या दहा हजारांच्याही वर जाते. प्रत्येक नळीत शंखजिऱ्याची लहान लहान कडी भरलेली असतात आणि त्या कड्यांवर उत्प्रेरकाचा पातळ लेप असतो. इतक्या बारीक नळ्यांचा खटाटोप कशासाठी, असे विचाराल. उष्णतेसाठी. ऑर्थोझायलीन हव्या त्या पायरीवर थांबले तरी रेणुभाराइतक्या ग्रॅमांमागे, म्हणजे १०६ ग्रॅमांमागे, सुमारे १,१०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. ते पूर्ण जळाले तर त्याच्या चौपट. उष्णता साचली की अधिक रेणू पूर्ण जळतात, ते जळाले की उष्णता आणखी वाढते, आणि हे चक्र आवरले नाही तर उत्प्रेरकाची राखरांगोळी होते. म्हणून नळ्यांच्या भोवती वितळलेल्या क्षारांचा, सोऱ्याच्या जातीच्या क्षारांचा, रस सतत फिरता ठेवतात. तो उष्णता शोषून नेतो आणि तिची वाफ करून कारखाना ती कामाला लावतो.

दुसरे भय स्फोटाचे. एक घनमीटर हवेत सुमारे ४४ ग्रॅमांहून अधिक ऑर्थोझायलीन झाले की ते मिश्रण ठिणगीने भडकू शकते. जुने कारखाने या मर्यादेच्या आतच राहत. उत्प्रेरक सुधारले तसे कारखान्यांनी ही मर्यादा ओलांडली, कारण तितक्याच हवेतून अधिक माल निघतो. मात्र त्यासाठी दाब वाढताच फुटून मोकळी होणारी झाकणे आणि अष्टौप्रहर पहारा ठेवावा लागतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तो लेप नेमके काय करतो?

बराच काळ अशी समजूत होती की उत्प्रेरक म्हणजे आठवड्याच्या बाजाराची जागा. हायड्रोकार्बन एका वाटेने येतो, प्राणवायू दुसऱ्या वाटेने, दोघांची गाठ तेथे पडते, व्यवहार होतो आणि दोघे निघून जातात. जागा बिचारी जागच्या जागी. १९५४ मध्ये मार्स आणि व्हान क्रेव्हेलेन या दोन डच शास्त्रज्ञांनी व्हॅनेडियम ऑक्साइडवर बेंझीन, टोल्यूईन, नॅप्थॅलीन हे पदार्थ किती वेगाने जळतात याची मोजमापे घेतली आणि निराळाच निष्कर्ष काढला. हायड्रोकार्बनाला मिळणारा प्राणवायू थेट हवेतला नसतो. तो घन पदार्थाच्या आपल्या अंगातला असतो. ऑक्साइड आपला प्राणवायू देऊन टाकते, त्यामुळे त्याच्या पृष्ठभागावर रिकाम्या जागा पडतात, आणि मग हवेतला प्राणवायू येऊन त्या जागा भरून काढतो.

बाजाराची उपमा त्यामुळे खोटी ठरते. त्याहून आपल्याकडचे पेव बरे. पूर्वी ज्वारी जमिनीतल्या पेवात साठवीत. गरजवंताला धान्य पेवातून काढून देत आणि सुगी आली की पेव पुन्हा भरीत. धान्य देण्याचा दिवस निराळा, भरण्याचा निराळा. ऑक्साइडाचेही तसेच. याची एक सोपी परीक्षा आहे. हवा बंद करून केवळ हायड्रोकार्बनाची वाफ उत्प्रेरकावरून सोडली तरी काही वेळ माल निघतच राहतो. मग मंदावतो आणि थांबतो. पेव रिते झाले. व्हॅनेडियमच्या बाबतीत हे डोळ्यांनाही दिसते, कारण त्याचे भरलेले ऑक्साइड नारिंगी-पिवळे असते आणि प्राणवायू गमावला की ते निळसर काळपट होते. आता नुसती हवा सोडली की रंग परत येतो व उत्प्रेरक पुन्हा कामास लागतो.

१९७० च्या सुमारास यापेक्षाही बिनतोड पुरावा मिळाला. प्राणवायूचे सर्वसाधारण अणू १६ भाराचे असतात, परंतु १८ भाराचे जड अणूही निसर्गात थोडे आढळतात व ते वेगळे करता येतात. शास्त्रज्ञांनी हवेच्या जागी असा जड प्राणवायू सोडला आणि घन उत्प्रेरकात मात्र साधा प्राणवायू ठेवला. तयार झालेल्या पदार्थात प्रथम जो प्राणवायू आढळला तो साधा होता. म्हणजे तो घन पदार्थातूनच आला होता. खुणेचे नाणे देऊन हिशेब पकडण्याचाच हा प्रकार.

एकदा हे कळले की ‘एक धातू पुरे का पडत नाही’ या प्रश्नाचे उत्तर सुचू लागते. धनको तीन प्रकारचे असतात. एक कंजूष, तो दाणाही सोडत नाही. दुसरा उधळ्या, मागणाराला मागितल्याहून अधिक देऊन टाकतो. तिसरा बेताने देणारा. टिटॅनियमचे ऑक्साइड प्राणवायू इतका घट्ट धरून ठेवते की या उष्णतेला त्याच्याकडून काहीच निघत नाही. कोबाल्ट किंवा मँगॅनीज यांची ऑक्साइडे उधळी. त्यांच्यावर हायड्रोकार्बन सरळ कार्बन डायऑक्साइडपर्यंत जळत जातो. व्हॅनेडियम मधला, पण एकट्याने तोही पुरता भरवशाचा नाही. टिटॅनियम ऑक्साइडाच्या पृष्ठभागावर मात्र व्हॅनेडियम ऑक्साइडाचा जेमतेम एका रेणूच्या जाडीचा थर पसरला, की कंजुषाच्या खांद्यावर बसलेला हा सावकार फार शहाणपणाने वागू लागतो. ऑर्थोझायलीनच्या दोन लटकत्या अणूंना तो प्राणवायू देतो आणि सहा अणूंच्या कड्याला सहसा हात लावीत नाही. थॅलिक ॲनहायड्राइडचे कारखाने याच जोडीवर चालतात.

यास शास्त्रात निवडकपणा म्हणतात. आपल्या बिदरी कामात त्याचे एक सुंदर दृश्य दिसते. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, त्यावर चांदीची नक्षी बसवितात आणि शेवटी किल्ल्यातली विशिष्ट माती नवसागराच्या पाण्यात कालवून तो लेप गरम भांड्यावर चोळतात. जस्ताचा पृष्ठभाग काळाभोर होतो. चांदीला डागही लागत नाही. लेप एकच, भांडे एकच, पण एका धातूला तो स्पर्शतो आणि दुसऱ्याला सोडून देतो. हे उत्प्रेरण नव्हे, कारण येथे लेप खर्ची पडतो आणि पृष्ठभाग कायमचा बदलतो. परंतु रासायनिक क्रिया निवड करू शकते, आणि ती सारी वरच्या अतिपातळ थरात घडते, या दोन्ही गोष्टी बिदरच्या कारागिराच्या हाताला शतकानुशतके ठाऊक आहेत.

दोन धातूंनी काम वाटून घेण्याचे सर्वांत नामांकित उदाहरण बिस्मथ आणि मॉलिब्डेनम यांच्या जोडीचे. अमेरिकेतील सोहायो या तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत १९५७ मध्ये असे दिसून आले की या जोडीच्या ऑक्साइडांवरून प्रोपिलीन वायू, अमोनिया आणि हवा एकत्र सोडली तर एकाच पायरीत ॲक्रिलोनायट्राइल मिळते. १९६० मध्ये त्याचा कारखानाही सुरू झाला. नुसत्या बिस्मथ ऑक्साइडवर प्रोपिलीनमधून हायड्रोजनाचा एक अणू निघतो खरा, पण पुढे त्याला प्राणवायू न मिळता दोन रेणू एकमेकांस चिकटून बसतात. नुसते मॉलिब्डेनमचे ऑक्साइड जवळपास सुस्त असते. दोघे एकत्र आले की एक हायड्रोजन काढतो आणि दुसरा रिकाम्या जागी हवे ते बसवितो, अशी याची प्रचलित उपपत्ती आहे. बिदरचे पठार उंच. थंडीच्या दिवसांत सकाळच्या शाळेला येणाऱ्या मुलांच्या अंगावर जे स्वस्त, रंगीत स्वेटर असतात, त्यांतील पुष्कळांचे ‘ऊन’ मेंढीचे नसून या ॲक्रिलोनायट्राइलचे असते.

थॅलिक ॲनहायड्राइडचे सर्वच उपयोग निर्मळ आहेत असे मात्र समजू नये. प्लास्टिकच्या रेनकोटाला, विजेच्या तारेवरील वेष्टनाला, टेबलावरच्या मेणकापडासारख्या आच्छादनाला जो मऊपणा असतो तो आणण्यासाठी थॅलेट नावाची तेलकट द्रव्ये मिसळतात, आणि ती यापासूनच होतात. ती प्लास्टिकमध्ये कायमची बांधली जात नाहीत; हळूहळू पाझरतात. त्यांतील काहींचा शरीरातील अंतःस्रावांवर वाईट परिणाम होतो असे आढळल्यावरून तान्ह्या मुलांच्या, तोंडात जाणाऱ्या खेळण्यांत ती वापरण्यास युरोपात १९९९ पासून बंदी घालण्यात आली. लहान भावंडाला मऊ प्लास्टिकचे बेनामी खेळणे चघळावयास देऊ नये, हे घरच्या वडील मंडळींनी अवश्य ध्यानात ठेवावे.

कारखान्याच्या धुराड्याचाही विचार करावा लागतो. माल वेगळा केल्यावर जी हवा उरते तिच्यात कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेली इतर आम्ले असतात. ती पाण्याने धुवावी लागते किंवा जाळावी लागते. आणि जाळण्यासाठी पुष्कळदा दुसऱ्या एका उत्प्रेरकावरून नेतात, जो काही न उरविता सारे पूर्ण जाळतो. तेथे उधळ्यांना मान मिळतो. एकाच आवारात एक उत्प्रेरक जाळता जाळता थांबण्याची मजुरी घेतो आणि दुसरा न थांबण्याची.

पूर्ण जाळणाऱ्या या उत्प्रेरकांशी आपली गाठ रोजच पडते, फक्त ते दिसत नाहीत. मोटारीच्या धुराच्या नळीत, इंजिनाच्या पुढच्या भागात, एक डबा असतो. त्याच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रे असलेली चिनीमातीची वीट असते आणि छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचे कण बसविलेले असतात. न जळलेले पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड तेथे पूर्ण जळतात. नायट्रोजनाच्या विषारी ऑक्साइडांचा पुन्हा नायट्रोजन होतो. पहिल्या कामास प्राणवायू हवा, दुसऱ्यास तो नको. इंजिनातून येणाऱ्या धुरात तर प्राणवायू क्षणात कमी, क्षणात अधिक. येथे पुन्हा मिश्र ऑक्साइडच धावून येते. सेरियम आणि झिर्कोनियम यांचे मिश्र ऑक्साइड त्या भिंतींवर धातूंच्या सोबत पसरलेले असते. धुरात प्राणवायू कमी पडला की ते आपल्या पेवातला देते, अधिक झाला की साठवून घेते. केवळ सेरियमचे ऑक्साइडही हे करू शकते, परंतु प्रखर उष्णतेत त्याचे कण एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि पेवाचे तोंड बंद पडते. झिर्कोनियम मिसळले की ते टिकते.

आपल्या देशात १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना हा डबा सक्तीचा झाला. त्याच्याबरोबर शिसेविरहित पेट्रोलही आणावे लागले, कारण पेट्रोलमधील शिसे धातूच्या कणांवर बसले की उत्प्रेरक निकामी होतो. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. म्हणजे डबा वाचविण्यासाठी शिसे काढले गेले आणि त्यामुळे मुलांच्या रक्तात जाणारे शिसेही कमी झाले. एका चांगल्या गोष्टीच्या बोटाला धरून दुसरी आली. १ एप्रिल २०२० पासून ‘भारत सहा’ ही कडक मानके साऱ्या देशाला एकदम लागू झाली आणि बिदर, बसवकल्याण, आळंद येथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारसायकलींच्याही धूरनळीत उत्प्रेरक असतो.

या उत्प्रेरकाला कामास लागण्यापूर्वी तापावे लागते. अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तो पोहोचेतो धूर त्याच्यावरून जवळजवळ जसाच्या तसा निघून जातो. मुलाला शाळेच्या फाटकाशी सोडण्यासाठी घरातून निघालेल्या मोटारसायकलीचा मार्ग पुष्कळदा एखाद्या किलोमीटरचाच असतो. डबा तापतो न तापतो तोच फाटक येते, आणि गाडी तेथे तशीच चालू ठेवून गप्पा मारणाऱ्या पालकांभोवती जो वास रेंगाळतो, त्यात थंड इंजिनातून निघालेले, न जळलेले हायड्रोकार्बन असतात.